टोकन शेअरवर मत कसं द्यायचं: बटण सोडा, आधी रेकॉर्ड डेट बघा

हल्ली सांगलीत बसून मला असले फोन बरेच येतात. पोरगा अमेरिकेत आहे, त्याच्याकडं कंपनीचे शेअर ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना सारखी दिसणाऱ्या डिजिटल वहीत, टोकन म्हणून आहेत, मतदानाची मेल आलीय, आता कुठलं बटण दाबायचं ते सांगा. बटण दोन मिनिटांत सापडतं ओ, ते दाखवणारे व्हिडिओही ढीगभर पडलेत. राग येतो तो एवढ्यासाठी की त्या व्हिडिओत खरी अडचण कुणी सांगतच नाही, आणि माणूस बटण दाबायला बसतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

माझं म्हणाल तर मी बरीच वर्षं तिकडं नोकरी करून परत आलोय. बाहेर राहत असताना घेतलेले शेअर परत आल्यावरही फेमा या परकीय चलन कायद्याच्या कलम ६(४) प्रमाणं ठेवता येतात, त्यातलेच काही मी टोकन करून घेतलेत. त्याच्या आधी २०२१ पासून निरनिराळ्या प्रोटोकॉलच्या (ब्लॉकचेनवर चालणाऱ्या सेवांच्या) टोकनवर मतदान करत आलोय, म्हणजे वॉलेटमधून (टोकन ठेवायच्या अ‍ॅपमधून) मत द्यायची सवय जुनी. वॉलेट आहे, केवायसी झालंय, सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट परत मिळवायचे गुप्त शब्द, कागदावर लिहून कपाटात ठेवलीय, हे सगळं झालंय असं धरून पुढं सांगतो.

पहिलं काम, तुमच्या टोकनला मत आहे का ते बघा. हे विचारल्यावर दहातले सातजण गप्प होतात. २०२५ च्या जून महिन्याच्या शेवटी एक्सस्टॉक्स नावाचे शेअरच्या भावावर चालणारे टोकन आले, त्याच सुमाराला रॉबिनहूड या अमेरिकन ब्रोकरनं युरोपात स्टॉक टोकन काढले, आणि लोकांना वाटलं की आपण त्या कंपनीचे भागधारक झालो. तसं नाहीये. या दोन्हींत शेअरच्या भावाचा फायदा-तोटा तुमचा, पण मताचा हक्क मिळत नाही. आपल्या हरिपूरची हळदीची पेवं आठवा, जमिनीत खोल पेव, आत हळद, वर तोंड बंद. पेवातल्या हळदीचा भाव वाढला की पैसे देईन असा कागद तुम्हाला कुणी लिहून दिला तर भावाचा फायदा तुम्हाला मिळेल, पण म्हणून ते पेव उघडायचं कधी हे तुम्ही ठरवू शकणार नाही. तसलंच हे.

दुसऱ्या प्रकारात टोकन म्हणजेच शेअर असतो. २०१७ ला डेलावेअर राज्यानं कंपनी कायदा बदलून भागधारकांचं रजिस्टर ब्लॉकचेनसारख्या वहीत ठेवायला परवानगी दिली, त्याच्या आधी २०१६ च्या डिसेंबरमध्ये ओव्हरस्टॉक या अमेरिकन कंपनीनं ब्लॉकचेनवर शेअर काढून दाखवले होते, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये गॅलेक्सी डिजिटल कंपनीनं सुपरस्टेट या कंपनीमार्फत स्वतःचे नोंदणीकृत शेअर सोलाना ब्लॉकचेनवर आणले. इथं ट्रान्सफर एजंटच्या (कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्याच्या) रजिस्टरला तुमचं नाव आणि वॉलेट जोडलेलं असतं. नेहमीच्या ब्रोकरकडं ठेवलेल्या अमेरिकन शेअरचं असं नसतं, तिथं रजिस्टरला अमेरिकन डिपॉझिटरीच्या सीड अँड कंपनीचं (Cede & Co.) एकच नाव आणि तुम्ही ब्रोकरमार्फत सूचना पाठवायची.

ओळखायचं कसं? टोकनच्या अटींचा कागद उघडा आणि त्यात व्होटिंग राइट्स शोधा. मत नाही असं लिहिलं असेल तर हा लेख इथंच सोडा, कुठलंही बटण तुमच्या उपयोगाचं नाही. आणि भारतातल्या लिस्टेड कंपनीचं टोकन देतो म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी आलं तर त्याला ब्लॉक करा. आपले लिस्टेड शेअर डिमॅटमध्ये, एनएसडीएल नाहीतर सीडीएसएलकडं असतात, तिथलं मतदान वेगळं, ते खाली सांगतो.

आता खरी मेख.

मतदानाच्या दिवशी तुमच्या वॉलेटमध्ये किती टोकन आहेत याला काडीची किंमत नाही. रेकॉर्ड डेटला ते कुठं होते, एवढंच बघितलं जातं. त्या दिवशी कामकाज संपताना रजिस्टरचा फोटो काढतात असं समजा, त्या फोटोत ज्याचं नाव त्याचं मत. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे शेअर विकलेत तरी मत तुमचंच राहतं, आणि ज्यानं ते विकत घेतले त्याला त्या सभेत मत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे चटकन कळायला पाहिजे खरं तर. साखर कारखान्याची निवडणूक लागली की आधी मतदार यादी येते, गावात पहिली चर्चा तीच, कुणाचं नाव आहे, कुणाचं गेलं. पण एक फरक आहे आणि तोच माणसाला बुडवतो. कारखान्याची प्रारूप यादी लागते, हरकत घ्यायला मुदत मिळते, मग अंतिम यादी होते. इथं प्रारूप यादी कुणी लावत नाही आणि हरकतीचा टप्पाही नाही. त्याहून वाईट म्हणजे सभेची नोटीस तुमच्या हातात पडते तेव्हा रेकॉर्ड डेट बहुतेक वेळा होऊन गेलेली असते! डेलावेअरच्या कायद्यात रेकॉर्ड डेट सभेच्या आधी जास्तीत जास्त ६० आणि कमीत कमी १० दिवस असावी लागते, आणि प्रॉक्सीचे कागद (सभेचे ठराव आणि मत कसं द्यायचं ते सांगणारे) ती डेट उलटल्यावर निघतात. मेल आल्यावर बघू म्हणणारा माणूस हमखास उशिरा पोचतो.

माझं हेच झालं. एका वर्षी थोडे शेअर विकायचे होते म्हणून मी सगळेच टोकन एका एक्सचेंजवर पाठवले, थोडे विकले, उरलेले तिथंच राहू दिले, म्हटलं काढू सवडीनं. दहा-बारा दिवसांनी परत वॉलेटमध्ये घेतले. त्यानंतर नोटीस आली. कर्मचाऱ्यांना आणि संचालकांना द्यायच्या शेअरचा कोटा वाढवायचा ठराव होता, म्हणजे आमच्यासारख्यांचा हिस्सा पातळ होणार, आणि मला त्याच्या विरोधात मत द्यायचंच होतं. वॉलेट जोडलं, वॉलेटमध्ये टोकन दिसतायत आणि मतदानाच्या पानावर मतांच्या जागी शून्य. मला वाटलं पान बिघडलंय, ब्राउझर बदलला, फोनवरून केलं, रात्री दोन वाजता सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं की रेकॉर्ड डेटला तुमचे टोकन एक्सचेंजच्या वॉलेटमध्ये होते, आमच्या हिशोबानं धारक ते. एक्सचेंजला विचारलं तर ते म्हणाले आम्ही ग्राहकांना मत देऊ देत नाही, अटींमध्ये लिहिलंय. होतं लिहिलेलं, मी वाचलं नव्हतं. ठराव पास झाला. माझ्या मतानं तो पडला असता असं नाही, पण माझं मत मला देता आलं नाही याचं वाईट अजून वाटतं.

तेव्हापासून मी जे करतो ते सांगतो, आणि यात सूट देऊ नका. कंपनीचा मागच्या वर्षीचा प्रॉक्सी कागद एसईसी या अमेरिकन शेअर बाजार नियामकाच्या एडगर साइटवर फुकट मिळतो, फॉर्मचं नाव डेफ १४ए. त्यात मागची रेकॉर्ड डेट पहिल्या दोन-तीन पानांतच असते. बहुतेक कंपन्या दरवर्षी साधारण त्याच आठवड्यांत सभा घेतात. मागच्या रेकॉर्ड डेटच्या एक महिना आधीची तारीख कॅलेंडरला लावा आणि त्या दिवसापासून नोटीस हातात पडेपर्यंत टोकन तुमच्या स्वतःच्या, केवायसी झालेल्या वॉलेटमध्येच ठेवा. एक्सचेंजवर नको, व्याज मिळतंय म्हणून कुठल्या लेंडिंग पूलमध्ये (टोकन उसने देतात तिथं) नको, गहाण नको. पूलमध्ये टाकलं की चेनवर मालक म्हणून पूलच्या कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे चेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता दिसतो, आणि कॉन्ट्रॅक्ट काय सभेला मत देत नाही. दोन महिन्यांचं व्याज बुडेल, बुडू दे. व्याज मोठं वाटत असेल तर मताच्या भानगडीत पडूच नका, दोन्ही एकदम मिळत नाही.

वेळेचाही घोळ आहे. तारीख न्यूयॉर्कच्या घड्याळाची असते. तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन, तेही दुसऱ्या दिवसाचे. अजून एक रात्र आहे म्हणून शेवटच्या क्षणी टोकन हलवणारे लोक मी बघितलेत, नेमका त्याच वेळी एक्सचेंज पैसे काढण्यावर चोवीस तासांचा होल्ड लावतं आणि खेळ संपतो. आधी हलवायचं राहिलंच असेल तर निदान चार दिवस आधी तरी हलवा. मतासाठी म्हणून नवे शेअर साध्या ब्रोकरकडून घेऊन मग टोकन करणार असाल तर आणखी आधी, कारण २०२४ च्या मेपासून अमेरिकेत सौदा एका दिवसात मिटतो पण ट्रान्सफर एजंटकडं जाऊन टोकन होईपर्यंतचे दिवस वेगळे.

याच जातीची अजून एक चूक आहे, ती प्रोटोकॉलच्या टोकनवाल्यांना लागते, युनिस्वॅप किंवा आर्बिट्रमसारख्या. तिथं टोकन वॉलेटमध्ये असूनही मत शून्य असतं, जोपर्यंत तुम्ही ते मत कुणाला तरी डेलिगेट करत नाही, अगदी स्वतःलासुद्धा. स्वतःच स्वतःला प्रतिनिधी नेमायचं, ऐकायला विचित्र वाटतं पण कॉन्ट्रॅक्टच तसं लिहिलंय. आणि तेही मोजणीचा ब्लॉक (चेनवरची रेकॉर्ड डेटच म्हणा) ठरण्याआधी करायचं, नंतर केलेलं त्या ठरावाला लागू होत नाही. तुमचं शेअर टोकन असं डेलिगेशन मागतं का ते एकदा बघून ठेवा, मागत असेल तर आजच करून टाका, एकदाच करावं लागतं.

रेकॉर्ड डेट पार पडली की पुढचं सोपं. नोटीस आली की त्यातली लिंक दाबू नका, कंपनीच्या साइटवरून किंवा ट्रान्सफर एजंटच्या खात्यात लॉगिन करून मतदानाच्या पानावर जा. वॉलेट जोडा, मतांचा आकडा रेकॉर्ड डेटच्या शिलकीशी जुळतो का बघा. माझे टोकन दोन वॉलेटमध्ये होते तेव्हा मला दोन्हींतून वेगवेगळं मत द्यावं लागलं.

ठराव वाचा. हे मी सांगायला नको.

सही करताना मात्र थांबा. वॉलेट दोन प्रकारे सही मागू शकतं. एकात चेनवर ट्रान्झॅक्शन होतं, त्याला थोडी गॅस फी (चेनवर नोंद करायचं शुल्क) लागते, म्हणून वॉलेटमध्ये त्या चेनचं नाणं थोडं ठेवा. दुसऱ्यात नुसत्या मजकुरावर सही, फी नाही. लोक समजतात की फी नाही म्हणजे धोका नाही, आणि हा समज फार महागात पडतो. इथेरियमसारख्या चेनवर परमिट नावाची सहीसुद्धा बिनफीची असते आणि ती देऊन समोरचा तुमचे टोकन उचलून नेऊ शकतो. म्हणून मजकूर पूर्ण उघडून वाचा, त्यात ठरावाचा क्रमांक आणि तुमची निवड दिसली पाहिजे. स्पेंडर, अप्रूव्ह, परमिट यातला एक जरी शब्द दिसला तर रद्द करा. मत द्यायला तुमचे टोकन खर्च करायची परवानगी कुणालाही लागत नाही, कधीच नाही. तासगावचे एक काका मुलाच्या वतीनं हे करायला बसले होते, त्यांनी व्हिडिओ कॉलवर मला स्क्रीन दाखवली आणि त्यात स्पेंडर लिहिलेलं होतं, लिंक मेलमधली होती. कॉल केला नसता तर सगळं गेलं असतं.

मत बदलायचं असेल तर अमेरिकन प्रॉक्सीत मतदान बंद होईपर्यंत बदलता येतं, शेवटचं मत धरतात. संचालकांच्या निवडीत विरोधात असा पर्याय बऱ्याचदा नसतोच, विथहोल्ड असतो, आणि सर्वाधिक मतांवर निवड असेल तर विथहोल्डनं उमेदवार पडत नाही, नाराजी मात्र नोंदली जाते. मी तरी नोंदवतो.

आता डिमॅटवाल्यांचं. आपल्या कंपन्यांत २०१४ च्या नियमांप्रमाणं रिमोट ई-व्होटिंग किमान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. कट-ऑफ डेट (मत कुणाचं ते ठरवणारी तारीख) सभेच्या आधीच्या सात दिवसांतली असते आणि ती नोटिशीतच छापलेली असते, म्हणजे आपल्याकडं निदान आधी कळतं. एनएसडीएलच्या आयडियाज किंवा सीडीएसएलच्या ईझी लॉगिनमधून सगळ्या कंपन्यांचं मतदान एकाच ठिकाणी दिसतं. पण एकदा दिलेलं मत इथं बदलता येत नाही, तेव्हा घाईत क्लिक करू नका. ब्लॉकचेनवर ई-व्होटिंग करून बघायचा प्रयोग एनएसईनं २०१८ ला केला होता, पण तुम्ही-आम्ही मत देतो ते याच नेहमीच्या पोर्टलवर.

मत दिल्यावर ट्रान्झॅक्शनचा नंबर किंवा पोचपावती सेव्ह करा. अमेरिकन कंपनीला निकाल सभेनंतर चार कामकाजाच्या दिवसांत फॉर्म ८-के मध्ये द्यावा लागतो, तो त्याच एडगरवर येतो, ठरावागणिक बाजूनं किती, विरोधात किती, तटस्थ किती. तासगावच्या काकांच्या मुलानं यंदा कॅलेंडरला तारीख लावून रेकॉर्ड डेटच्या दहा दिवस आधी टोकन एक्सचेंजवरून काढून घेतले. मतदानाच्या पानावर त्याचा पूर्ण आकडा दिसला, काकांनी लगेच मला स्क्रीनशॉट पाठवला.