सकाळी पोरांना गाण्याने उठवायचं कसं

नाशिकची डिसेंबरातली थंडी माहितीये ना, त्यात साडेसहाला तीन-चार वर्षांच्या पोराला गोधडीतून काढणं म्हणजे कुस्तीच. आमच्याकडे ओरडून काही व्हायचं नाही, मग गाणं सुरू केलं.

आधी लाईट लावू नका, पडदा थोडासा सरकवा. गोधडीत हात घालून पायाचं एकेक बोट धरायचं आणि अगदी हळू म्हणायचं:

एक बोट उठलं, दुसऱ्याला भेटलं,
तिसरं म्हणे थंडी, चौथं शोधी बंडी,
पाचवं म्हणे चला गं, गंगेवर पळा गं!

‘पळा गं’ला तळपायाला गुदगुल्या. (हात आधी चोळून गरम करा, नाहीतर भोंगाच वाजतो.) दुसऱ्या वेळी थोडं मोठ्याने, तिसऱ्यांदा मुद्दाम चुकायचं, चौथं शोधी भजी वगैरे, पोरं झोपेतपण चूक पकडतात आणि एकदा का हसली की उठलीच समजा. मग त्याच चालीवर ब्रश, आंघोळ, शब्द तुमचेच जोडा, सूर लागला नाही तरी चालतं. पण चाल आठवडाभर बदलू नका, रोज तेच ऐकून त्यांना पुढे काय ते कळतं आणि कटकट कमी होते.

मोबाईलवर गाणं लावू नका बरं, मग पोरगं उठतं पण मोबाईलसाठी.