समितीत बसलेल्या आमदारासाठी: रुपया कुठं मुरला, हे कसं शोधायचं

सभागृहात एखाद्या मागणीवर, म्हणजे एका खात्याच्या खर्चाच्या प्रस्तावावर, बोलायला पाच-सात मिनिटं मिळतात. वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. समितीत मात्र त्याच खात्याचा सचिव कागदांसह दोन-दोन तास तुमच्यासमोर बसतो आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. तरी बहुतेक नवे आमदार समितीची नेमणूक म्हणजे दौऱ्याची सोय समजतात. जळगाव, धुळे, नंदुरबारमधून निवडून आलेल्यांनी तरी तसं समजू नये. इथले अर्धवट कालवे आणि गळक्या आश्रमशाळा यांचा हिशेब समितीच्या टेबलावरच लागू शकतो.

आधी आपण कुठल्या समितीत आहोत ते नीट समजून घ्या. लोकलेखा समिती झालेल्या खर्चाची तपासणी करते. तिच्यासमोर महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि विनियोजन लेखे, म्हणजे मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ, असतात. अंदाज समिती खर्चाचे अंदाज पाहते आणि काटकसर कुठं होऊ शकते ते सांगते. सार्वजनिक उपक्रम समितीच्या वाट्याला महामंडळं आणि कंपन्या येतात. पंचायत राज समिती जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचे लेखाआक्षेप घेऊन जिल्ह्यात येते. अनुसूचित जमाती कल्याण समितीचं महत्त्व नंदुरबारच्या आमदाराला वेगळं सांगायला नको. मंत्री या समित्यांचे सदस्य नसतात, त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी थेट सचिवावर येते. चुकीच्या समितीत चुकीचा प्रश्न विचारला, तर 'हा विषय आमच्या कक्षेत नाही' एवढ्यावर सचिव सुटतो.

एकच लेखाशीर्ष धरा

अर्थसंकल्पाच्या पुस्तकांचा गठ्ठा पाहून छाती दडपते. सगळं वाचू नका. तुमच्या जिल्ह्याशी जोडलेली दोन-तीन लेखाशीर्षं (ज्या क्रमांकाखाली खर्चाची नोंद होते ती खाती) निवडा आणि पाच वर्षं त्यांचाच पाठपुरावा करा. पाटबंधाऱ्यांसाठी जलसंपदा विभागाच्या 'आय' मालिकेतल्या मागण्या, आदिवासी विकासाच्या महसुली खर्चासाठी टी-५, कृषीसाठी डी-३ पाहा. मुख्य लेखाशीर्ष चार आकडी असतं आणि पहिल्या आकड्यावरूनच बरंच कळतं. ० किंवा १ म्हणजे महसुली जमा, २ किंवा ३ म्हणजे महसुली खर्च, ४ किंवा ५ म्हणजे भांडवली खर्च, ६ किंवा ७ म्हणजे कर्ज, ८ म्हणजे लोकलेखा (ठेवींसारखा सरकारकडे सांभाळायला असलेला पैसा). मध्यम पाटबंधाऱ्यांचा भांडवली खर्च ४७०१ खाली, लघु पाटबंधाऱ्यांचा ४७०२ खाली. धरणासाठी एवढे कोटी दिले असं भाषणात ऐकलं की ती रक्कम २ ने सुरू होणाऱ्या शीर्षाखाली आहे की ४ ने, ते पाहा. २ ने असेल, तर त्या पैशात पगार आणि देखभाल असण्याची शक्यता जास्त. भिंत त्यानं चढत नाही.

प्रत्येक शीर्षासमोर चार रकाने असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. वर्तमानपत्रात चौथा रकाना छापून येतो. तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करा. मग पुरवणी मागण्यांचं (वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा पैशाचं) पुस्तक काढा, बीम्स या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर निधीवाटप कधी झालं ते पाहा, आणि वर्ष उलटल्यावर विनियोजन लेखे. याच क्रमानं चार कागद शेजारी ठेवले की गोष्ट आपोआप उलगडते.

समजा, एका शीर्षाला मूळ तरतूद ८० कोटी. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागणीनं आणखी २० कोटी घेतले. वर्षअखेर खर्च झाला ६२ कोटी. ३० कोटी समर्पित केले, म्हणजे लागणार नाहीत म्हणून परत दिले, आणि ८ कोटी नुसतेच व्यपगत झाले, म्हणजे वर्ष संपताच बुडाले. आता विचारायचं एवढंच: मूळचे ८० कोटीच खर्च झाले नाहीत, तर पुरवणीचे २० कोटी कशाच्या आधारावर मागितले? समर्पण कोणत्या तारखेला केलं? ३१ मार्चला केलं असेल, तर तो पैसा दुसऱ्या कुठल्याही कामाला वळवता आला नाही. आठ कोटी समर्पितही का केले नाहीत? आणि ६२ पैकी एकट्या मार्च महिन्यात किती? निम्म्याहून जास्त असेल तर त्या महिन्यातल्या देयकांची यादी मागवा. मार्च एण्डला पैसा परत जाऊ नये म्हणून तो स्वीय प्रपंजी लेख्यात (अधिकाऱ्याच्या पदनावाच्या ठेव खात्यात) किंवा एखाद्या यंत्रणेच्या बँक खात्यात ठेवून दिला जातो. कागदावर खर्च दिसतो, जागेवर वीटही हललेली नसते.

पुरवणी मागण्यांत १,००० रुपयांची लाक्षणिक मागणी दिसली की हसून पान उलटू नका. त्या हजार रुपयांच्या आडून नवी बाब मंजूर करून घेतली जाते आणि तिचा खरा पैसा पुनर्विनियोजनानं, म्हणजे मंजूर पैसा एका कामावरून दुसऱ्यावर वळवून, दुसरीकडून येतो. तो कुठून येणार हे तिथल्या टिपणीत लिहिलेलं असतं. कधी कधी तुमच्याच तालुक्याच्या कामातून.

पाडळसरे धरणासारख्या प्रकल्पांत आणखी एक कागद लागतो: सुधारित प्रशासकीय मान्यतांचा इतिहास. हे धरण ज्याचा भाग आहे त्या निम्न तापी प्रकल्पाला पहिली मान्यता १४२ कोटींची होती आणि आता तो हजारो कोटींत गेला आहे. 'किंमत का वाढली' असं विचारलं की 'दरसूची (कामांचे सरकारी दर), भूसंपादन, व्याप्ती' असे तीन शब्द मिळतात. त्याऐवजी प्रत्येक मान्यतेतल्या वाढीची फोड रुपयांत मागा: दरसूचीमुळे किती, भूसंपादनामुळे किती, संकल्पचित्र बदलल्यामुळे किती, निव्वळ उशिरामुळे किती. शेवटचा आकडा विभाग आपणहून कधीच देत नाही. जळगावच्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे तो काढण्याइतका तपशील असतो.

साक्षीच्या दिवशी

विभागाचं स्पष्टीकरणात्मक ज्ञापन समिती कक्षाकडून आधी मिळतं. कधी आठवडाभर आधी, कधी आदल्या संध्याकाळी. नंदुरबारहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. ज्ञापन गाडीत वाचू असं ठरवलं तर वाचून होत नाही, हे लक्षात ठेवा. स्वीय सहाय्यकाला आधीच पाठवून प्रत मागवा आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालातला परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. ज्या वाक्याला विभागानं उत्तरच दिलेलं नाही, त्याखाली रेघ मारा. बहुतेक वेळा तुमचा मुख्य प्रश्न तिथंच असतो.

प्रश्न छोटा आणि उत्तरात तारीख, रक्कम किंवा पदनाम येईल असा असावा. 'एवढा विलंब का झाला?' या प्रश्नावर सचिव दहा मिनिटं पावसाबद्दल बोलू शकतो. 'कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेचा? त्या दिवशी किती टक्के जमीन ताब्यात होती?' यावर नाही.

'त्या वेळी मी या पदावर नव्हतो' हे उत्तर ऐकायला मिळेलच. लेखापरीक्षा अहवाल यायला वर्ष-दोन वर्षं जातात, तोवर अधिकारी बदलतात, त्यामुळे ते खरंही असतं. भांडू नका. साक्ष पदाची असते, व्यक्तीची नाही, एवढं सांगा आणि त्या काळातल्या अधिकाऱ्यांची यादी पदावधीसह लेखी मागा. 'माहिती घेऊन सांगतो' याला अध्यक्षांकडून जागेवरच तारीख लावून घ्या.

आश्रमशाळेच्या इमारतीचा विषय असेल तर पैसा आदिवासी विकास विभागाचा आणि काम सार्वजनिक बांधकामचं. वेगवेगळ्या दिवशी बोलावलं तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे होतात. दोन्ही सचिवांना एकाच दिवशी, एकाच टेबलावर बोलावण्याची विनंती अध्यक्षांकडे लेखी करा. तळोदा प्रकल्प कार्यालयाची पत्रं आणि बांधकाम उपविभागाची उत्तरं समोरासमोर ठेवली की घोळ कुठं झाला ते अर्ध्या तासात दिसतं.

गावातल्या एका मोरीचा विषय लोकलेखा समितीत काढू नका. मतदारसंघाचं काम निघावं ही ओढ सगळ्यांनाच असते, पण तसं केलं की तुमच्या पुढच्या प्रश्नाला वजन राहत नाही. आणि साक्षीत काय झालं ते बाहेर पत्रकारांना सांगू नका. अहवाल सभागृहात सादर होईपर्यंत कामकाज गोपनीय असतं, ते फोडलं तर विशेषाधिकारभंगाचा प्रश्न येतो.

दौरा

पीआरसी, म्हणजे पंचायत राज समिती, येतेय म्हटल्यावर भिंती रंगतात आणि नोंदवह्यांना नवी कव्हरं चढतात. कार्यक्रम आधीच ठरलेला असतो: पहिल्या दिवशी जिल्हा परिषदेत, दुसऱ्या दिवशी गट पाडून तालुक्यांत, तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष. म्हणून यादीत नसलेलं एक गाव त्याच सकाळी निवडा, अर्थात अध्यक्षांच्या संमतीनं. धडगाव, अक्कलकुवा भागात हे विशेष लागू. मोलगीच्या पलीकडचं गाव पाहायचं तर दुपारच्या जेवणाआधी निघा, नाहीतर 'आता उशीर झाला भाऊ' म्हणत गाडी परत फिरते.

शाळेत पोषण आहाराची नोंदवही घ्या. पहिली ते पाचवीसाठी रोज मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम तांदूळ. पाचवीपर्यंतच्या शाळेत हजेरीपटावर १२० मुलं म्हणजे १२ किलो. नोंदवहीत १८ लिहिले असतील तर सहा किलो गेले कुठं? आरोग्य केंद्रात औषधांची साठा नोंदवही आणि कपाट जुळवा. रस्त्याच्या कामावर मोजमाप पुस्तिका मागा आणि गाडीत मोजपट्टी ठेवा. पेसा गावात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या गावात) ५ टक्के अबंध निधीच्या, म्हणजे ठरावीक कामाची अट नसलेल्या पैशाच्या, खर्चाला ग्रामसभेचा ठराव आहे का पाहा, आणि त्यावरच्या सह्या किंवा अंगठे कुणाचे आहेत तेही विचारा.

पाहुणचाराबद्दल स्पष्ट सांगायला हवं. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाण्यात गैर काही नाही, पण ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्या पैशानं नको. मे २०२५ मध्ये अंदाज समिती धुळ्यात असताना शासकीय विश्रामगृहाच्या खोलीत १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली आणि दौऱ्यातलं बाकीचं सगळं बाजूला राहिलं. खोलीचं भाडं स्वतः भरून पावती घ्या, खोली कुणाच्या नावावर आहे ते नोंदवहीत बघा आणि ठेकेदाराला तिथं भेटू नका.

विधेयक संयुक्त समितीत आलं तर

दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकावर १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या. इतक्या वाचणं एकट्याचं काम नाही. त्या खंडनिहाय (विधेयकाच्या कलमांप्रमाणे) लावून घ्या, मग एका खंडावर नेमके कोणते तीन-चार आक्षेप आहेत ते दिसतं. ते विधेयक जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं, तेव्हा समितीमुळे त्याच्या उद्देशाचे शब्द बदललेले होते. समितीत बदल होतात ते असे, शब्दांत.

म्हणून शब्द तपासा. 'करील' आणि 'करू शकेल' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: पहिल्यानं अधिकाऱ्यावर बंधन येतं, दुसऱ्यानं त्याची मर्जी चालते. 'विहित' हा शब्द किती वेळा आला ते मोजा. जितक्या वेळा आला, तितक्या गोष्टी सरकार पुढे नियमांत ठरवणार आणि त्या तुमच्यासमोर मसुद्यात नाहीत. वित्तीय ज्ञापनात 'अतिरिक्त खर्च अपेक्षित नाही' असं असेल आणि विधेयकात नवं प्राधिकरण असेल, तर त्याच्या अध्यक्षाचा पगार कुठल्या शीर्षातून जाणार ते विचारा. इंग्रजी पाठही वाचाच. संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) नुसार प्राधिकृत पाठ तो मानला जातो, आणि मराठीशी तो नेहमी जुळतोच असं नाही.

सुधारणा 'खंड ४, पोटखंड (२), ओळ ३ मधील अमुक शब्दांऐवजी तमुक' अशीच लिहा. भाषण केलं तर इतिवृत्तात 'सदस्यांनी चिंता व्यक्त केली' एवढंच उरतं. समितीनं ऐकलं नाही तर मुदतीत भिन्नमतपत्रिका द्या. ती अहवालाला जोडून छापली जाते.

शिफारस

अहवालाच्या मसुद्यात 'विभागाने यापुढे दक्षता घ्यावी' असं वाक्य दिसलं तर ते खोडायला सांगा. त्यावर काही कारवाई होऊच शकत नाही. कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्यानं काय करायचं, किती रक्कम वसूल करायची आणि किती दिवसांत, हे तिन्ही हवं. मुदत बहुधा तीन महिन्यांची घातली जाते. साध्या वहीत शिफारशीचा क्रमांक, विभाग आणि मुदतीची तारीख लिहून ठेवा. 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर आलं तर आदेशाचा क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर आदेश निघालेलाच नाही. मुदत संपायच्या आधी आठवडाभर समिती कक्षाच्या कक्ष अधिकाऱ्याला फोन करून विभागाचं उत्तर आलं का ते विचारा.