शेततळ्यातलं मत्स्यखाद्य पोत्यातून द्या
मराठवाड्यात प्लास्टिक अस्तराची शेततळी बरीच. त्यात पसरून टाकलेली पेंड खाली प्लास्टिकवर कुजते आणि पाण्यात माशांना घातक अमोनिया वाढतो. त्यापेक्षा शेंगदाणा पेंड आणि कोंडा निम्मे-निम्मे भिजवा, खालून भोकं पाडलेल्या पोत्यात भरा अन् बांबूला अर्धं बुडेल असं बांधा. रोहू येऊन पोत्याला ढुसण्या देतो.

हजार मासे, सरासरी 200 ग्रॅमचे, म्हणजे 200 किलो. या वजनाच्या 2 टक्क्यांनी रोज 4 किलो कोरडं खाद्य, दोन वेळांत. दोन तासांनी पोतं उचलून बघा. उरलं असेल तर उद्या तेवढं कमी. दर 15 दिवसांनी जाळं टाकून वजन घ्या, नजरेचा अंदाज हमखास चुकतो.

ऊन वर आल्यावरच खाद्य द्या, पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. आभाळ भरलेलं असेल तर निम्मंच.