बधिरांच्या नाट्यसंस्थेच्या कार्यकारिणीवर जाताय? नाशिकच्या नवख्यांसाठी

बधिर कलाकार स्वतः चालवतात अशा नाट्यसंस्थेच्या कार्यकारिणीवर किंवा सल्लागार मंडळावर या, असं निमंत्रण आलं की ऐकणारी माणसं बहुतेक वेळा विचारतात, 'साईन, म्हणजे बधिरांची खुणांची भाषा, शिकायला किती दिवस लागतील?' हा प्रश्न दुसरा. पहिला असा, की या संस्थेत शेवटचा शब्द कोणाचा, आणि तो कोणत्या भाषेत ठरतो?

आधी शब्दांचं बघू. 'मूकबधिर' म्हणू नका. साईन करणारा माणूस मुका नसतो, तो बोलतो, फक्त हातांनी. 'कर्णबधिर' चालतं, 'बधिर' जास्त सुटसुटीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना 70 डेसिबल किंवा जास्त श्रवणदोष असेल तर बधिर, 60 ते 70 असेल तर ऐकण्यास कठीण, अशी व्याख्या आहे. ती प्रमाणपत्रासाठी ठीक. संस्थेच्या घटनेत मात्र 'बधिर सभासद' म्हणजे रोजच्या व्यवहारात भारतीय सांकेतिक भाषा वापरणारी बधिर व्यक्ती, असं लिहून घ्या. नाहीतर प्रमाणपत्र आहे पण साईन येत नाही अशी माणसं भरून बहुमत कागदोपत्री दाखवता येतं.

1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणीला किमान सात जण लागतात. चार बधिर आणि तीन ऐकणारे घेतले की बहुमत झालं, असं वाटतं. गफलत गणपूर्तीत, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीत होते. गणपूर्ती चारची असेल तर तीन ऐकणारे आणि एक बधिर मिळून सभा भरते आणि ठरावही होतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यात शिफ्ट करणारा बधिर सभासद संध्याकाळी पाचला येऊ शकत नाही, निवृत्त ऐकणारे मात्र वेळेवर हजर. म्हणून घटनेत दोन वाक्यं घाला: किमान तीन बधिर सभासद हजर असल्याशिवाय सभा नाही, आणि अध्यक्ष व कार्यवाह बधिरच. सभेची वेळ शिफ्टचं वेळापत्रक बघून ठरवा. दुभाषी, म्हणजे साईन आणि बोलणं यांचं एकमेकांत भाषांतर करणारा, हा संस्थेचा सभासद नसतो आणि त्याला मत नसतं, हेही लिहून ठेवा.

जगाच्या रंगभूमीवरही हा प्रश्न आलेला आहे. अमेरिकेत 1967 साली स्थापन झालेल्या नॅशनल थिएटर ऑफ द डेफचे संस्थापक डेव्हिड हेज हे ऐकणारे नेपथ्यकार होते. 1991 साली लॉस एंजेलिसला डेफ वेस्ट थिएटर सुरू करणारे एड वॉटरस्ट्रीट स्वतः बधिर. दोन्हीकडून मोठं काम झालं. पण 'बधिरांसाठी' आणि 'बधिरांनी चालवलेली' यातला फरक बघायचा असेल तर या दोन सुरुवाती शेजारी ठेवून बघाव्यात.

आता सभा. खुर्च्या नालाच्या आकारात, लांब टेबल नको. लांब टेबलावर एका बाजूच्या माणसांना त्याच बाजूचे हात दिसत नाहीत. खिडकीकडे पाठ करून कोणी बसायचं नाही, उजेड मागून आला की चेहरा काळा पडतो, आणि साईनचं निम्मं व्याकरण चेहऱ्यावर असतं. दुभाषी बधिर सभासदाच्या शेजारी नको, बोलणाऱ्या ऐकणाऱ्याच्या शेजारी बसवा, म्हणजे दोघं एका नजरेत येतात. दोन तासांच्या सभेला दोन दुभाषी लागतात आणि साधारण वीस मिनिटांनी ते बदलतात. एकाच दुभाष्यावर भागवलं तर दुसऱ्या तासात अर्थ गळायला लागतो, आणि तो गळतोय हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. विषयपत्रिका दुभाष्यांना तीन दिवस आधी द्या, आकडे आणि माणसांची नावं लिहून.

नवख्या ऐकणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या असतात. 'त्यांना सांगा की' असं दुभाष्याकडे बघून बोलणं, ही एक. बधिर माणसाकडे बघून 'तुम्ही' म्हणा. दुसरी जास्त महाग पडते: चर्चा थांबली की शेजाऱ्याशी हळूच दोन वाक्यं बोलून घेणं. ती दोन वाक्यं खोलीतल्या चौघांना कळत नाहीत आणि निर्णय मात्र तिथेच झालेला असतो. लक्ष वेधायचं असेल तर दिवा चालू-बंद करा किंवा खांद्यावर हलकेच थोपटा.

कागदपत्रांवर सह्या घेताना घाई नको. बऱ्याच बधिर माणसांची पहिली भाषा साईन, मराठी दुसरी. कार्यकारिणी बदलली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो. त्यातली भाषा ऐकणाऱ्या पदवीधरालाही दोनदा वाचावी लागते. सहीआधी प्रत्येक कागद साईनमध्ये समजावून द्या, त्याचा व्हिडिओ करा, आणि इतिवृत्ताबरोबर जपून ठेवा. इतिवृत्तही दोन्ही रूपात: लेखी मराठी आणि अध्यक्षांनी केलेला पाच-सात मिनिटांचा साईन व्हिडिओ.

नाटकाच्या बाजूला सगळ्यात कमी कळलेली आणि सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती म्हणजे साईन मास्टर. दिग्दर्शक ऐकणारा असला तर एक वेळ चालेल, साईन मास्टर बधिरच हवा. संहिता साईनमध्ये आणणं, एकाच शब्दाला दोन नटांनी दोन वेगळ्या खुणा केल्या तर एक ठरवणं, आणि प्रेक्षागृहातून दिसतंय का हे बघणं, ही त्याची कामं. शब्दाला शब्द लावला की काय होतं ते एका वाक्यात बघा: 'काकांनी ऐनवेळी हात वर केले.' मराठीत अर्थ, जबाबदारी झटकली. नटाने खरंच दोन्ही हात वर केले, त्यात जरा हलवले, तर बधिर प्रेक्षकाला दिसतात टाळ्या. साईनमधल्या टाळ्या तशाच वाजतात, हात वर करून हलवून. म्हणून साईन मास्टर आधी प्रसंगाचा अर्थ ठरवतो (काका पैसे देणार होते, आता नाही म्हणाले), मग खुणा, मग चेहरा. 'कानावर आलं', 'कानाडोळा केला', 'एका कानाने ऐकलं' अशी वाक्यं संहितेत पेन्सिलीने आधीच खुणावून ठेवा. मराठी नाटकात ती इतकी असतात की मोजायला बसल्यावर हसू येतं. दाट संवादाच्या दीड पानाला एक संध्याकाळ धरा. ठरलेला प्रसंग मोबाईलवर चित्रित करून प्रत्येक नटाला पाठवला, तरच पुढच्या तालमीला तोच राहतो.

लेखी संहिता तरीही लागतेच, कारण नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे ती द्यावी लागते. तालमीत साईनमुळे प्रसंग बदलला तर कागदावरही बदला. ऐकणाऱ्या प्रेक्षकांसाठी विंगेतून बोलणारे नट त्याच कागदावर चालतात.

वेशभूषेत संस्थेच्या कार्यकारिणीने हस्तक्षेप करावा, खुशाल करावा. त्वचेच्या रंगाला उठाव देणारे, कमरेच्या वर एकरंगी कपडे हवेत. नऊवारी चालेल, पण खांद्यावरचा जरीचा पदर दिव्याखाली चमकतो आणि त्यापुढे बोटं हरवतात. हातभर बांगड्या नकोत. नकली मिशी ओठ झाकते, तोंडाच्या हालचाली जातात. हातात तबक दिलं की दोन हातांच्या खुणा अर्ध्या होतात, मग संवादाआधी तबक ठेवायला जागा हवी. काळोखातला संवाद हा प्रकारच नाही. विंगेतला प्रॉम्प्टरही उपयोगाचा नाही. तो बधिर हवा आणि नटाला दिसेल असा, पहिल्या रांगेच्या टोकाला, अंगावर छोटा दिवा ठेवून बसलेला.

कालिदास कलामंदिर असो की साईखेडकर नाट्यगृह, तारीख पक्की केल्यावर आधी साईन मास्टरला शेवटच्या रांगेत आणि दोन्ही कडेच्या खुर्च्यांवर बसवा. त्याला दिसत नाही त्या खुर्च्या बधिर प्रेक्षकांना विकायच्या नाहीत. अगदी पहिली रांगही नको, मान वर करून दोन तास हात वाचता येत नाहीत. तिसऱ्या रांगेपासून मधल्या खुर्च्या त्यांच्यासाठी राखा.

शेवटी फोन. नाट्यगृह, बँक, लेखापरीक्षक, सगळे फोनच करतात, आणि म्हणून सहज एखाद्या ऐकणाऱ्या सभासदाचा नंबर सगळीकडे लागतो. वर्षभरात तोच संस्थेचा चेहरा होतो, त्याने काही वाईट केलेलं नसतानाही. सिमकार्ड संस्थेच्या नावावर घ्या, ते बधिर कार्यवाहाच्या फोनमध्ये टाका, आणि पत्रव्यवहारावर नंबराखाली छापा: 'फक्त मेसेज किंवा व्हिडिओ कॉल'. आवाजी फोन करावाच लागला तर कार्यवाह शेजारी बसलेला असताना, दुभाष्याकरवी, त्याच नंबरवरून.