मायच्या डोळ्याचे थेंब आणि पाहुण्यांचा शिरा

अमळनेरजवळच्या खेड्यातून मायला धुळ्याला नेऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. तिला जुना डायबिटीस. अशा माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा, म्हणजे रेटिना, ऑपरेशनआधी थेंब टाकून तपासून घ्याच. पडद्यालाच सूज असेल तर नवी लेन्स काय करणार?

नंतरचं खरं काम थेंबांचं. साबणाने हात धुवा, खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. दोन औषधांत पाच मिनिटं थांबा. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात, मनाने बंद करायचे नाहीत. दहाव्या दिवशी माय म्हणाली, "आते दिखस ना, मंग कसाले टाकस?" तरी टाकले.

रात्री डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी. चूल आणि कापूस वेचणी बंद. डोक्यावरून पाणी डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

साखर मात्र पाहुण्यांनी वाढवली. जो येई तो शिरा, नाहीतर केळी घेऊन! शेवटी मी डबे दारातच घेऊ लागलो. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चुकवू नका. साखर वाढलेली राहिली की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, जखमही हळू भरते.

पडद्याला सूज आलीच तर ती बहुधा ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी येते, नेमकी आपण ढिले पडल्यावर. म्हणून त्या वेळची तपासणी टाळू नका. घरी एकेक डोळा झाकून कॅलेंडरच्या चौकटी बघायला सांगा; रेघा वाकड्या दिसल्या तर लगेच दाखवा. डोळा ठणकला, लाल झाला, पू आला किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी गाडी काढा, मग रात्र का असेना.