सीसीटीव्ही खरेदीचा विषय महापालिका सभेत आला की काय तपासावे

विषयपत्रिकेवर सीसीटीव्हीचा विषय दिसताच नगरसेवकांनी निविदेच्या तांत्रिक अटी आणि जागांची यादी मागून घ्यावी. चर्चा नुसत्या कॅमेऱ्यांच्या आकड्यावर अडकू देऊ नका.

अनोळखी चेहऱ्याची ओळख पटवायची तर दर मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) लागतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र १९२० पिक्सेल रुंद, म्हणजे चेहरा ओळखता येईल अशी रुंदी जेमतेम साडेसात मीटर. मोठ्या चौकात असा एकच कॅमेरा लावला तर गर्दी दिसेल, माणूस ओळखू येणार नाही.

साठवणुकीचा हिशेब सभागृहातच मांडा. सतत ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) चित्रण करणारा कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो. १०० कॅमेऱ्यांचे ३० दिवसांचे फुटेज १३० टीबी. निविदेत साठवणुकीची जागा कमी असेल तर पोलीस फुटेज मागतील तोवर ते पुसले गेलेले असेल.

खोदाईत केबल तुटते, वीज जाते, काचेवर धूळ बसते. म्हणून देखभालीचे बिल चालू कॅमेऱ्यांवरच द्या, दुरुस्तीची मुदत तासांत लिहा. फुटेज कोण पाहणार, कधी पुसणार, हेही ठरावातच हवे. नंतरच्या परिपत्रकावर सोडू नका.