वीर्यतपासणीच्या लॅबमध्ये येताय?

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) किंवा एमएस्सी करून अँड्रॉलॉजीत, म्हणजे पुरुष-वंध्यत्वाच्या तपासणीत यायचं म्हणणारी मुलं आधी मशीनबद्दल विचारतात. कॉम्प्युटरवर शुक्राणू मोजायला कधी मिळेल, डीएनए फ्रॅगमेंटेशन (शुक्राणूंतला डीएनए किती तुटलाय ते पाहणं) कधी शिकवाल? सगळं शिकाल. पण नमुना उशिरा आला किंवा नीट ढवळला गेला नाही, तर महागडं यंत्रही चुकीचाच आकडा देणार.

मुंबईत तर उशिराचीच भीती. नमुना तासाभराच्या आत तपासायला लागायला हवं, शक्यतो अर्ध्या तासात. डोंबिवलीहून परळला यायलाच तास जातो, त्यामुळे अशा माणसाला नमुना लॅबमध्येच द्यायला सांगा. दादरहून कोणी आणणार असेल, तर डबी अंगाच्या उबेत, आतल्या खिशात ठेवायला सांगा. नमुन्याआधी दोन ते सात दिवस वीर्यपात न होण्याचा संयम पाळला का, हे विचारून लिहून ठेवा.

स्लाइडवर एकही शुक्राणू दिसला नाही, तरी लगेच 'शून्य' लिहू नका. नमुना सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात जोरात फिरवा, आणि तळाचा गाळ चिकाटीने पाहा. त्यात चार-दोन जिवंत शुक्राणू सापडले, तर ते गोठवून इक्सीसाठी (एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्यासाठी) वापरता येतात आणि वृषणातून शुक्राणू काढण्याचं ऑपरेशन टळू शकतं. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा वेळ तोच.

डीएनए फ्रॅगमेंटेशनच्या हॅलो टेस्टमध्ये, म्हणजे शुक्राणूभोवतीचं वलय पाहण्यात, नवखे हमखास गोंधळतात. मोठं वलय दिसलं तर डीएनए शाबूत; वलय लहान किंवा नाहीच, तर तुटलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणी-पुस्तिकेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत ही तपासणी नेहमीच्या नव्हे, विस्तारित तपासण्यांत आहे. वारंवार गर्भपात होत असतील तर ती जरूर सुचवावी, पण सरसकट प्रत्येकाच्या माथी मारलेली मला पटत नाही.

वाय क्रोमोसोमची तपासणी मात्र नीट समजून घ्या. शुक्राणू तयार होण्यासाठी लागणाऱ्या त्यावरच्या भागांना एझेडएफ म्हणतात. त्यातला एझेडएफ-ए भाग पूर्ण गळालेला असेल, तर वृषणातून शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. एझेडएफ-सी गळालेला असेल तर अनेकांत मिळतात, पण तो दोष मुलग्यात उतरतो. ऑपरेशनचा निर्णय या एका रिपोर्टवर फिरू शकतो.

बायकोच्या सगळ्या तपासण्या उरकल्यावर नवरा आपल्याकडे येतो, तोही मान खाली घालून. मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू ही खालची मर्यादा वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांच्या नमुन्यांवरूनच काढलेली आहे आणि त्यांच्यातही शंभरातले पाच तिच्या खाली होते. 'कमी आहे' एवढंच ऐकवून त्याला परत पाठवू नका. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्या काळात ताप येऊन गेला असेल तर आकडा घसरू शकतो, म्हणून ते विचारा आणि दुसऱ्या नमुन्याची तारीख देऊनच त्याला सोडा.